धान्याच्या गोडाऊनमध्ये तापमान-आर्द्रतेचे सेन्सर बसवताय? मग हे आधी वाचा

सोयाबीन, तूर, हरभरा, हळद असा माल ठेवणारं गोडाऊन तुमच्या ताब्यात असेल किंवा तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने नुकतंच बांधून घेतलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. लातूर-हिंगोली पट्ट्यातल्या अशाच एका गोडाऊनचं काम मी बघतो. सेन्सर विकणारे भरपूर भेटतात. ते कुठे टांगायचे, कोणता आकडा बघायचा आणि आकडा चढल्यावर काय करायचं हे सांगणारा मात्र क्वचित भेटतो. ती माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हे लिहितोय.

बहुतेक गोडाऊनमध्ये आजही ऑफिसच्या भिंतीवर एक तापमापक असतो आणि सकाळी दहा, संध्याकाळी पाच अशी वहीत नोंद होते. त्या वहीत पहाटे चार कधीच येत नाही. हिवाळ्यात पत्र्याला घाम सुटतो तो पहाटे. पावसाळ्यात शटर अर्धवट उघडं राहून ओल आत शिरते ती रात्री. दर पंधरा मिनिटांनी मोजून आकडा मोबाइलवर पाठवणारा सेन्सर हीच पोकळी भरतो.

१. आधी माल, मग सेन्सर

"तापमान किती पाहिजे?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. मालागणिक ते बदलतं, म्हणून खरेदीआधी तुमच्या गोडाऊनमध्ये काय, किती महिने आणि कशासाठी राहणार ते कागदावर उतरवा.

धान्य भोवतालच्या हवेशी सतत ओलाव्याची देवाणघेवाण करत असतं. हवा दमट असली की ते ओल ओढून घेतं, कोरडी असली की सोडतं. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. तुमचा माल बारावर ठेवायचा असेल तर थप्पीतल्या, म्हणजे पोत्यांच्या ढिगातल्या हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर फार काळ राहून चालत नाही. सत्तरच्या पुढे बुरशीला वाट मोकळी होते. २०२४ च्या खरीप हंगामात केंद्राने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. तसा माल आत आला तर कोणताही सेन्सर तो वाचवू शकत नाही, आधी वाळवणंच लागतं. आवक होताना मॉइश्चर मीटर लावून लॉटनिहाय ओलावा लिहून ठेवा. पुढची सगळी मोजणी त्या पहिल्या आकड्याशी जोडून वाचायची असते.

तूर आणि हरभऱ्याचा शत्रू कडधान्यातला भुंगेरा. साधारण २५ ते ३५ अंशांत त्याची वाढ जोरात होते आणि १५ अंशांच्या खाली जवळपास थांबते. मराठवाड्यात १५ अंशांचं गोडाऊन एसीशिवाय मिळत नाही. आपल्या हातात राहते ती आर्द्रता, आणि किडीची चाहूल लवकर लागणं. हळद ओल पटकन धरते आणि तिलाही कीड लागते, तिची थप्पी शटरपासून लांब ठेवा.

घरचं सोयाबीन बियाणं ठेवणार असाल तर नियम आणखी कडक. बियाण्याबाबत एक जुना ठोकताळा आहे: ओलावा १ टक्क्याने वाढला की बियाण्याचं आयुष्य निम्मं होतं, आणि तापमान ५ अंशांनी वाढलं तरी निम्मं होतं. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. नोव्हेंबरात उत्तम उगवण देणारा लॉट दमट कोपऱ्यात राहिला तर मे महिन्यात गोणपाटावर शंभर दाणे लावल्यावर खरी परिस्थिती दिसते, आणि तोवर पेरणी तोंडावर आलेली असते. बियाण्याच्या थप्पीला सेन्सर देताना हात आखडू नका.

२. नकाशा काढा आणि काही दिवस नुसतं मोजा

कायमचे सेन्सर ठोकण्याआधी गोडाऊन समजून घ्या. नकाशावर शटर, खिडक्या, छतावरचे टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्यावर फिरून आतली हवा बाहेर काढणारे पंखे), थप्प्यांच्या जागा, पाणी मुरणारे कोपरे दाखवा. मोठ्या गोडाऊनमध्ये थप्पी साधारण ३० बाय २० फुटांची असते. लहान गोडाऊनमध्ये ती जागेप्रमाणे बदलते, पण स्टॅक प्लॅन, म्हणजे थप्प्यांच्या जागांचा आराखडा, कागदावर असलाच पाहिजे.

मग सात-आठ साधे लॉगर, म्हणजे आकडे मोजून स्वतःतच साठवणारी उपकरणं, आणा, भाड्याने मिळाले तरी चालतील. जमिनीपासून हातभर उंचीवर, माणसाच्या उंचीवर आणि पत्र्याखाली, अशा तीन पातळ्यांवर ते वेगवेगळ्या कोपऱ्यांत लावा आणि आठवडाभर राहू द्या. जमलं तर हे दोनदा करा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये. मे महिन्यात दुपारच्या उन्हाची पश्चिमेची भिंत आणि पत्र्याखालचा थर किती तापतो ते दिसेल. पावसाळ्यात शटरजवळचा भाग आणि जमिनीलगतचा कोपरा किती दमट राहतो ते दिसेल. दोन ऋतूंतल्या वाईट जागा सहसा एक नसतात. कायमचे सेन्सर या दोन्ही ठिकाणी जायला हवेत.

३. सेन्सर निवडताना

बाजारात काही शे रुपयांच्या मॉड्यूलपासून प्रमाणपत्रासह येणाऱ्या महागड्या लॉगरपर्यंत सगळं आहे. निवड करताना या गोष्टी बघा.

अचूकता. धान्यासाठी तापमानात अर्धा अंश आणि आर्द्रतेत २ ते ३ टक्के इकडेतिकडे चालतं. एसएचटी३१ या चिपवर बांधलेली उपकरणं यात बसतात. डीएचटी११ नावाचा निळा स्वस्त सेन्सर शाळेच्या प्रकल्पाला ठीक आहे, गोडाऊनला नको.

धूळ. सोयाबीनची फोलपटं आणि हळदीची भुकटी सेन्सरच्या तोंडावर बसली की आर्द्रतेचा आकडा हळूहळू खोटा होत जातो. तोंडावर पांढरी पीटीएफईची (टेफ्लॉनची) जाळी किंवा टोपी असलेलाच घ्या, आणि ती टोपी सुटी मिळते का ते विचारा.

तारेचा प्रोब. हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. उपकरण बाहेर आणि मोजणारं टोक दोन-तीन मीटर तारेवर, असा प्रकार असेल तरच ते टोक थप्पीच्या आत सोडता येतं. डबाबंद सेन्सर फक्त भोवतालची हवा मोजतो.

स्वतःची स्मृती. वीज किंवा नेटवर्क गेलं की आकडे उपकरणात साठून राहिले पाहिजेत आणि जोडणी परत आली की आपोआप वर गेले पाहिजेत. विकणाऱ्याला नुसतं विचारू नका. डेमोच्या वेळी राउटर दोन तास बंद ठेवा, मग चालू करून आलेखात खाच पडते का ते स्वतः बघा.

डेटा कोणाचा. वर्गणी संपल्यावर जुने आकडे मिळतात का, एक्सेलमध्ये उतरवता येतात का, लॉगिन कोणाच्या नावावर आहे, हे लेखी घ्या. कंपनीच्या ईमेलवर खातं काढा. एखाद्या कर्मचाऱ्याच्या खासगी नंबरावर काढलेलं खातं तो नोकरी सोडतो त्या दिवशी अडचणीत आणतं.

४. जोडणी: वायफाय, लोरा की सिम

ऑफिसला लागून एकच लहान गोडाऊन असेल आणि वायफाय आत पोहोचत असेल तर वायफायचे सेन्सर सोपे. त्यांची बॅटरी लवकर संपते, त्यामुळे जवळ प्लग हवा.

दोन-तीन शेड असतील, अंतर मोठं असेल, तर लोरा बरं. लोरा म्हणजे कमी विजेत लांबवर आकडे पाठवणारी रेडिओ जोडणी. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो आणि लोराची उपकरणं त्यावर चालतात. खरेदी करताना उपकरण याच पट्ट्याचं आहे ना आणि त्याला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याच्या बिनतारी विभागाची) ईटीए ही उपकरण-मान्यता आहे ना, हे बघा. परदेशी संकेतस्थळावरून स्वस्तात मागवलेला संच अनेकदा युरोप किंवा अमेरिकेच्या पट्ट्याचा निघतो. लोराचे सेन्सर बॅटरीवर दीर्घकाळ चालतात, फक्त सगळ्या सेन्सरचे आकडे गोळा करून इंटरनेटवर पाठवणारा एक गेटवे लागतो. तो उंचावर बसवा आणि त्याला छोटा यूपीएस द्या.

इंटरनेटच नसेल तर गेटवेत सिम घाला. गोडाऊनमध्ये कोणत्या कंपनीची रेंज येते ते शटर बंद करून आतून तपासा. सिमच्या रिचार्जची तारीख ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. सेन्सर धडधाकट, गेटवे चालू आणि रिचार्ज संपलेला, हे दृश्य फार ठिकाणी दिसतं.

इथली मोठी फसगत म्हणजे रिकाम्या गोडाऊनमध्ये घेतलेली चाचणी. मार्च-एप्रिलमध्ये जागा मोकळी असताना सगळे सेन्सर फटाफट जोडले जातात. नोव्हेंबरात छतापर्यंत पोती लागली की तेच सेन्सर गप्प होतात, कारण भरलेली पोती रेडिओ लहरी गिळतात आणि पत्र्याची भिंत त्या परतवते. चाचणी भरल्या गोडाऊनमध्ये करा. ते शक्य नसेल तर गेटवेची जागा नंतर बदलण्याची मोकळीक ठेवा.

५. बसवण्याआधी मिठाची बरणी

नव्या सेन्सरवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. घरच्या घरी होणारी तपासणी अशी.

झाकण घट्ट बसणारी काचेची बरणी घ्या. बाटलीच्या टोपणात साधं मीठ भरा आणि थेंब-थेंब पाणी घालून ते ओलं, दाटसर करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये, खडे दिसत राहिले पाहिजेत. टोपण बरणीत ठेवा, शेजारी सेन्सर ठेवा आणि त्याला मीठ लागणार नाही असं बघा. झाकण लावून उन्हापासून दूर, स्थिर तापमानाच्या जागी चोवीस तास राहू द्या. बरणीतली हवा ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते. या पद्धतीची खुबी ही की २० अंश असो की ३० अंश, हा आकडा अर्धा टक्कासुद्धा हलत नाही. सेन्सरने ७२ ते ७८ च्या दरम्यान दाखवलं तर ठीक. ८१ दाखवलं तर सहाचा फरक उपकरणाच्या अंगावर चिकटपट्टीने लिहा किंवा सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती भरा. त्याहून जास्त फरक असेल तर परत करा. बिनतारी सेन्सर स्टीलच्या डब्यात ठेवू नका, झाकण लागताच त्याचा सिग्नल बंद होतो.

तापमानासाठी कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी ग्लासात घ्या, प्रोब पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत बुडवा. दहा-पंधरा मिनिटांत शून्याच्या आसपास यायला हवा.

बँक, विमा कंपनी किंवा मोठा खरेदीदार कागद मागणार असेल तर ही घरगुती तपासणी पुरणार नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकता तपासणीचं, प्रमाणपत्र लागेल. सगळे सेन्सर पाठवायची गरज नसते. एक चांगला सेन्सर प्रमाणित करून घ्या, तो संदर्भ म्हणून जपून ठेवा आणि बाकीचे त्याच्याशेजारी ठेवून ताडून बघा.

६. कुठे बसवायचे

थप्पीच्या बाहेरच्या हवेचा आलेख लाटेसारखा असतो, दुपारी वर, पहाटे खाली. थप्पीच्या आतला आलेख जवळजवळ सपाट असतो, कारण धान्य उष्णता फार सावकाश घेतं आणि सावकाश सोडतं. दाण्यांमधल्या फटींतली हवा धान्याच्या ओलाव्याशी जुळलेली असते, म्हणून मालाची खरी स्थिती हा आतला आकडाच सांगतो. भिंतीवरच्या दहा सेन्सरपेक्षा थप्पीत सोडलेले तीन प्रोब जास्त उपयोगाचे, हे माझं ठाम मत आहे.

हजारेक टनांच्या गोडाऊनसाठी मी सुरुवात अशी करायला सांगेन:

- प्रत्येक महत्त्वाच्या थप्पीत एक प्रोब, मधल्या थरात, कडेपासून दोन पोती आत. थप्पी लावतानाच तो सोडावा लागतो, नंतर घुसवता येत नाही. त्या दिवशी हमालांच्या मुकादमाला आधी सांगून ठेवा.
- वरच्या थरात, पत्र्याकडे तोंड असलेल्या पोत्यांखाली एक. पत्र्याचं पाणी पहिल्यांदा इथेच पडतं.
- पाहणीत सापडलेल्या सगळ्यात दमट कोपऱ्यात, लाकडी फळ्यांच्या पातळीवर एक.
- माणसाच्या उंचीवर, वाटेत, शटरपासून दूर एक.
- गोडाऊनबाहेर, उत्तरेकडच्या वळचणीला, ऊन-पाऊस लागणार नाही अशा जाळीच्या घरट्यात एक. हा बाहेरचा सेन्सर लोक पैसे वाचवायला गाळतात. तो नसेल तर आठव्या पायरीतलं काहीच करता येत नाही.

प्रोबच्या तारेला रंगीत पट्टी बांधा आणि थप्पीच्या दर्शनी बाजूला तिचा क्रमांक लिहा. लॉट उचलताना पोत्याबरोबर प्रोब ट्रकमध्ये जाण्याची वेळ येऊ नये. सेन्सर शटरसमोर, ट्यूबलाइटखाली, पंख्याच्या झोतात किंवा थेट भिंतीला चिकटवून लावू नका.

७. इशारा वाजला की कोणी काय करायचं

सगळी यंत्रणा इथे तरते किंवा बुडते. पहिल्या आठवड्यात मोबाइलवर दिवसाला पंचवीस इशारे आले की लोक आवाज बंद करतात, आणि खरा इशाराही त्याच गप्प मोबाइलवर येतो. म्हणून मर्यादेसोबत वेळ जोडा. माल चढवताना शटर तासभर उघडं असतं, तेव्हा आकडा चढणारच, त्यासाठी कोणाला पळवायचं नाही.

सोयाबीन आणि कडधान्यासाठी सुरुवातीला असं ठेवता येईल:

- गोडाऊनच्या आतली आर्द्रता ६५ च्या वर सलग सहा तास: गोडाऊन मॅनेजरला मेसेज. त्याने शटर, खिडक्या, गळती बघायची.
- थप्पीतली आर्द्रता ७० च्या वर सलग तीन तास: मॅनेजरला फोन, उचलला नाही तर दुसऱ्या ठरलेल्या माणसाला. परखीने (पोत्यात खुपसून दाणे काढायच्या टोकदार नळीने) नमुना काढून त्याच दिवशी मॉइश्चर मीटरवर तपासायचा.
- एका थप्पीचं आतलं तापमान शेजारच्या थप्पीपेक्षा काही दिवसांत तीन-चार अंशांनी वर: कीड किंवा बुरशी आतून तापवते आहे असं धरून त्या थप्पीची पोती उघडून बघायची. हवामानाने तापली असती तर शेजारचीही तापली असती.
- कोणत्याही सेन्सरकडून दोन तास आकडा नाही: बॅटरी, गेटवे, रिचार्ज या क्रमाने तपासणी.

रात्रीचा गंभीर इशारा व्हॉट्सॲपवर ठेवू नका, फोन वाजला पाहिजे. प्रत्येक ओळीसमोर माणसाचं नाव आणि त्याच्या रजेच्या दिवशी कोण, हे लिहून तो कागद शटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. रखवालदार दादांनाही तो समजावून सांगा. रात्री तिथे तेच असतात, आणि शटरखालून पाणी येतंय हे सेन्सरच्या आधी त्यांना कळतं.

आलेख वाचायची सवय लावा. एखादा आकडा दशांशासकट दिवसेंदिवस जराही हलत नसेल तर सेन्सर बंद पडलाय. आर्द्रता शंभरला चिकटून बसली असेल तर त्याच्या तोंडात पाणी गेलंय किंवा तो गेलाय. खूप दिवस ऐंशीच्या वर राहिलेला सेन्सर पुढे काही काळ जास्तच आकडा दाखवतो, त्याला कोरड्या जागी सावरायला वेळ द्या आणि पुन्हा बरणीत तपासा.

८. शटर कधी उघडायचं: दवबिंदू बघा

आपल्याकडे सर्रास समज आहे की पाऊस थांबला आणि बाहेर गार वारा सुटला की शटर उघडावं, हवा खेळती राहते. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाची हवा जेवढी वाफ धरू शकते तिच्यापैकी किती टक्के वाफ तिच्यात आहे. गार हवा कमी वाफ धरते, गरम हवा जास्त. त्यामुळे वेगवेगळ्या तापमानाच्या दोन हवांचे टक्के थेट ताडून बघता येत नाहीत. ताडायचा असतो दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्या हवेतली वाफ पाणी होऊ लागते ते तापमान. दवबिंदू जितका वर, तितकं हवेतलं पाणी जास्त.

ऑगस्टची संध्याकाळ घ्या. आत २८ अंश आणि ६५ टक्के, बाहेर पाऊस नुकताच थांबलाय, २४ अंश आणि ९० टक्के. बाहेरची हवा अंगाला छान गार लागते. पण आतला दवबिंदू सुमारे २१ अंश आणि बाहेरचा २२ च्या थोडा वर. म्हणजे बाहेरच्या हवेत पाणी जास्त आहे. ती आत येऊन २८ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ७१ टक्के होते. शटर उघडून तुम्ही मालाला ओल पाजली.

आता नोव्हेंबरची दुपार. बाहेर ३० अंश, ३५ टक्के. दवबिंदू साधारण १३. आत २६ अंश, ६२ टक्के, दवबिंदू १८. बाहेर जास्त गरम असूनही हवा कोरडी आहे, उघडा. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा किमान दोन-तीन अंशांनी खाली असेल तेव्हाच उघडायचं, हा नियम मी धरतो. बहुतेक ॲपमध्ये दवबिंदू दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये लपलेली असते. विकणाऱ्याकडून ती पहिल्याच दिवशी चालू करून घ्या आणि आत-बाहेरचे दोन आकडे एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी लावा. सापेक्ष आर्द्रतेचे दोन आकडे शेजारी ठेवून निर्णय घेणं थांबवा.

दवबिंदू हिवाळ्यातही कामाला येतो. डिसेंबरात आतली हवा २२ अंश आणि ७५ टक्के असेल तर तिचा दवबिंदू १७ च्या वर आहे. पहाटे उघड्या आभाळाखाली पत्रा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. मग पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि पन्हळीच्या रेषेत थप्पीच्या वरच्या पोत्यांवर टपकतात. सकाळी वरच्या थरात एका ओळीत ओले डाग दिसले की लोक छत गळतंय म्हणून पत्रेवाल्याला बोलावतात. छत शाबूत असतं. पाणी आतल्याच हवेतलं, म्हणजे बरंचसं मालातून निघालेलं असतं. पत्र्याला चिकटवलेला एक तापमानाचा सेन्सर आणि आतला दवबिंदू एकत्र बघितले की हे आदल्या संध्याकाळीच कळू शकतं. उपाय म्हणजे दुपारी कोरडी हवा खेळवून आतली वाफ बाहेर काढणं, थप्पीच्या माथ्यावर रिकामी गोणपाटं अंथरणं, आणि पुढच्या बजेटमध्ये पत्र्याखाली उष्णतारोधक थर.

थप्पी प्लास्टिकच्या ताडपत्रीने गच्च गुंडाळून ठेवू नका, तिच्या आतल्या बाजूलाही तसाच घाम येतो. टर्बो व्हेंटिलेटर पावसाळ्यातही फिरत राहतात आणि बाहेरची दमट हवा आत ओढायला लावतात. ते खालून बंद करायची झडप बसवून घ्या.

९. धुरीकरणाच्या दिवशी सेन्सर बाहेर

धुरीकरण म्हणजे कीड मारायला थप्पी आवरणाने झाकून आत विषारी वायू सोडणं. त्यासाठीच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांमधून निघणारा फॉस्फिन वायू तांब्याला खातो. आवरणाखाली राहून गेलेल्या प्रोबचे जोड काळे पडतात. कधी तो लगेच बंद पडतो, कधी महिन्याभराने भलतेच आकडे देऊ लागतो. हे बऱ्याच विक्रेत्यांना ठाऊक नसतं आणि वॉरंटीतही बसत नाही. आवरण टाकण्याआधी त्या थप्पीतले प्रोब ओढून काढा, गेटवे आणि राउटर जवळपास असतील तर तेही हलवा. थप्पीत प्रोब सोडताना पीव्हीसीची बारीक छिद्रं पाडलेली नळी आधी ठेवली आणि तिच्यातून प्रोब सोडला, तर तो काढणं आणि परत घालणं सोपं जातं.

हा वायू माणसाला जीवघेणा आहे. धुरीकरण परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्या आणि सेन्सर विसरला म्हणून आवरण उचलून आत हात घालू नका. तो गेला तर जाऊ द्या. धुरीकरण सुरू आणि संपल्याची वेळ सॉफ्टवेअरमध्ये नोंदवा, नाहीतर पुढे कोणी त्या दिवसांचे आकडे का नाहीत म्हणून विचारेल.

१०. फाइलमध्ये काय हवं

वेअरहाउसिंग कायदा २००७ चा. त्याखाली डब्ल्यूडीआरएकडे, म्हणजे गोदामांच्या केंद्रीय नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी झालेल्या गोदामातल्या मालावर इलेक्ट्रॉनिक वखार पावती निघते आणि त्या पावतीवर बँक शेतकऱ्याला कर्ज देते. त्या वाटेने जायचं असेल तर तपासणीला माणसं येतात, आणि मालाची काळजी कशी घेतली याचा पुरावा तयार असलेला बरा. एका फाइलमध्ये एवढं ठेवा:

- गोडाऊनचा नकाशा आणि चालू स्टॅक प्लॅन, त्यावर सेन्सरचे क्रमांक
- प्रत्येक सेन्सरचा अनुक्रमांक, बसवल्याची तारीख, बॅटरी बदलल्याची तारीख
- संदर्भ सेन्सरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आणि मिठाच्या बरणीतल्या तपासणीची तारखेसह नोंद
- लॉटनिहाय आवक-ओलाव्याची वही
- महिन्याचे आकडे, एक्सेलमध्ये उतरवलेले, छापील सारांशासह
- इशाऱ्यांची वही: केव्हा वाजला, कोणी बघितला, काय केलं
- धुरीकरण आणि फवारणीची नोंदवही
- विक्रेत्याशी झालेला करार, डेटाच्या मालकीच्या ओळीसह

यातली इशाऱ्यांची वही सगळ्यात वजनदार. आलेख कोणीही छापून आणतो. १४ ऑगस्टला आर्द्रता चढली आणि त्याच दिवशी कोणत्या पोत्यांचा नमुना काढला हे लिहिलेलं असेल, तर विम्याच्या दाव्यातही तुमची बाजू भक्कम राहते.

११. मे महिन्यातली कामं

मृगाच्या आधी गोडाऊन बरंचसं रिकामं होतं, तेव्हा ही कामं उरका. सगळे सेन्सर काढून टोप्या मऊ ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. सगळ्यांना मिठाच्या बरणीतून काढा. पावसाळ्यात बदलाव्या लागतील अशा बॅटऱ्या आत्ताच बदला, कारण जुलैत भरलेल्या थप्प्यांवर चढून बॅटरी बदलणं धोक्याचं असतं. यूपीएस प्लग काढून किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा. उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदला आणि नव्या तारा नळीतून घ्या. पहिल्या पावसाच्या आधी एक बनावट इशारा वाजवा: थप्पीत सोडायचा एक प्रोब ओल्या फडक्याजवळ तीन तासांपेक्षा जास्त ठेवा, आणि ज्याला फोन जायला हवा त्याला तो जातो का, तो उचलतो का, आणि त्याला पुढे काय करायचं हे न विचारता माहीत आहे का, ते बघा.